लोखंडी मॉनिटर स्टँड: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरच्या रामबागेत आमचे अक्षरजुळणीचे छोटे कार्यालय आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे वार्षिक अहवाल आणि अधूनमधून एखादे मराठी पुस्तक एवढे आमचे काम. चार टेबलांवर बावीस इंची चार मॉनिटर आहेत, ते एकाच वेळी एकाच कंपनीचे घेतले होते आणि त्यांच्या पडद्याबद्दल आजही माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती पडद्याखालच्या स्टँडबद्दल. तिसऱ्या वर्षी पहिल्या मॉनिटरची मान मोडली आणि चार महिन्यांनी दुसऱ्याची. पडदा पुढेमागे कलता करण्यासाठी जी बिजागरी असते, तिचे स्क्रू प्लॅस्टिकच्या ज्या गोल उंचवट्यांत बसवलेले असतात, ते उंचवटे मुळापासून तडकले होते. कंपनीच्या सेवा केंद्रात चौकशी केली तेव्हा स्टँड सुटा मिळत नाही, नवा मॉनिटर घ्यावा, असे उत्तर मिळाले. मूठभर प्लॅस्टिक तडकले म्हणून उत्तम चालणारा पडदा टाकून द्यायचा, ही गोष्ट मला पटली नाही.

म्हणून सांवेर रोडच्या औद्योगिक भागातील एका छोट्या कारखान्यात मी लोखंडी स्टँड बनवून घेतला, तो चांगला निघाला म्हणून पुढे आणखी तीन बनवून घेतले, आणि आता चौदा महिन्यांनंतर त्यांच्याविषयी लिहीत आहे. या कारखान्याला पाटी नाही. एक लेथ, एक ड्रिल, पत्रा वाकवण्याचे हातयंत्र आणि वेल्डिंगचा संच एवढ्यावर मिस्त्री आणि त्यांचे दोन सहकारी मुख्यतः मशीनचे कव्हर, ट्रॉली आणि रॅक बनवतात. मॉनिटरचा स्टँड त्यांनी माझ्याआधी बनवलेला नव्हता.

नव्या स्टँडचे गुणदोष नीट कळायचे असतील तर जुन्याच्या आत काय होते ते आधी सांगितले पाहिजे. एका रविवारी मी तो उघडायला बसलो. खालच्या बाजूला एकच स्क्रू दिसत होता. तो काढल्यावर काहीच सुटले नाही, कारण कवचाचे दोन भाग आतल्या आत अडकणाऱ्या नऊ आकड्यांनी धरून ठेवलेले होते. असे आकडे कारखान्यात एकदा दाबून बसवण्यासाठी केलेले असतात, आणि बाहेरून उचकटताना त्यांतले पाच मोडले. आत वजनासाठी एक लोखंडी पट्टी होती व ती प्लॅस्टिकला चिकटवलेली होती. मान जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची होती. बिजागरीचे स्क्रू पितळेच्या बुशांत, म्हणजे आतून आटे असलेल्या छोट्या नळ्यांत, होते आणि त्या बुशा गरम करून प्लॅस्टिकमध्ये रुतवलेल्या होत्या. तळाचे मऊ रबरही प्लॅस्टिकवरच ओतून त्याच्याशी एकजीव केलेले होते. थोडक्यात, सव्वा किलोच्या या वस्तूत लोखंड, जस्त, पितळ, प्लॅस्टिक आणि रबर असे पाच पदार्थ होते, आणि त्यांतला एकही दुसऱ्यापासून न फोडता सुटत नव्हता.

मान का मोडली तेही तेव्हाच दिसले. उंचवट्याची भिंत दोन मिलिमीटरसुद्धा नव्हती, मुळाशी गोलाई न देता काटकोनी कोपरा ठेवला होता, आणि पितळेची बुश आतून सतत ताण देत होती. पडद्याचे तीन किलो वजन बिजागरीपासून पुढे लटकते, त्यामुळे दर वेळी पडदा कलता करताना तो सगळा जोर त्या कोपऱ्यावर येतो. मुळाशी थोडी गोलाई आणि चार आधारपट्ट्या दिल्या असत्या तर साच्याच्या खर्चात नाव घेण्याजोगा फरक पडला नसता, आणि भाग तडकला नसता.

तो मोडका स्टँड मी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे नेला. त्याने हातोड्याने फोडून लोखंडी पट्टी काढली, जस्ताची मान बाजूला ठेवली आणि प्लॅस्टिकचे तुकडे माझ्या हातात परत दिले. ‘इसमें पीतल फँसा है, और काला माल है, कोई नहीं लेगा,’ असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर आहे. मोठ्या पुनर्चक्रण प्रकल्पांतही प्लॅस्टिकची जात अवरक्त किरणांनी ओळखतात, आणि काजळीने काळे केलेले प्लॅस्टिक ते किरण शोषून घेत असल्यामुळे यंत्राला त्याची ओळख पटत नाही. आपल्या शहराने २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे तो वर्षानुवर्षे टिकवला. घरोघरी कचरा सहा प्रकारांत वेगळा करून देण्याची सवय इथल्या माणसांना लागली आहे आणि त्या सहांत ई-कचऱ्याचा प्रकार स्वतंत्र आहे. मला या सवयीचा मनापासून अभिमान वाटतो. परंतु जी वस्तू घडवतानाच एकजीव केली आहे, ती योग्य कप्प्यात टाकल्याने वेगळी होत नाही. वेगळे करण्याचे काम आराखड्याच्या कागदावर व्हायला हवे होते, आणि ते तिथे झाले नाही तर पुढे गृहिणीपासून भंगारवाल्यापर्यंत कोणालाच ते पूर्ण करता येत नाही.

आता नव्या स्टँडकडे येतो. तो शक्य झाला याचे श्रेय मॉनिटरच्या पाठीवरच्या चार भोकांना आहे. व्हिडिओ इलेक्ट्रॉनिक्स स्टँडर्ड्स असोसिएशन, म्हणजे ‘व्हेसा’, या संस्थेने चपट्या पडद्यांसाठी भोकांची मापे ठरवून दिली आहेत. आपल्या नेहमीच्या मॉनिटरांत ही भोके ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटरच्या चौकोनात असतात आणि त्यांत एम-४ मापाचे, म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाचे, स्क्रू बसतात. पहिले माप ८ किलोपर्यंतच्या पडद्यांसाठी आहे, दुसरे १४ किलोपर्यंतच्या. कोणत्याही देशातल्या कोणत्याही कंपनीचा मॉनिटर सांवेर रोडवर बनलेल्या पट्टीवर बसतो, तो या चार भोकांमुळे. मॉनिटर घेताना पडद्याची चमक आणि रंग पाहणारा ग्राहक पाठ उलटी करून ही भोके पाहत नाही, आणि स्वस्त मॉनिटरांत ती कधीकधी दिलेलीच नसतात. महाग वस्तूतही सोय असेलच असे नाही: अ‍ॅपलच्या २०२२ च्या स्टुडिओ डिस्प्लेमध्ये कोणता स्टँड हवा किंवा व्हेसाची पट्टी हवी का, हे विकत घेतानाच ठरवावे लागते आणि घरी आणल्यावर ते स्वतः बदलता येत नाही.

मिस्त्रींनी बनवलेल्या स्टँडचे चार मुख्य भाग आहेत. तळाला ५ मिलिमीटर जाडीची २६० बाय २०० मिलिमीटरची लोखंडी प्लेट आहे आणि तिचेच वजन दोन किलो भरते. तिच्यावर ४० मिलिमीटरचा चौकोनी पाइप उभा आहे. पाइपावर वरखाली सरकणारा, पत्रा वाकवून केलेला इंग्रजी यू-आकाराचा ब्रॅकेट आहे, आणि ब्रॅकेटच्या पुढे ३ मिलिमीटरची डोक्याची प्लेट आहे, जिच्यात ७५ आणि १०० या दोन्ही मापांची भोके पाडलेली आहेत. सगळे मिळून वजन साडेतीन किलोंच्या आसपास जाते. ब्रॅकेट आणि डोक्याची प्लेट यांच्यामध्ये दोन कान आहेत, त्यांतून एम-८ चा एक बोल्ट जातो, कानांच्या मध्ये नायलॉनचे वॉशर आहेत, बाहेर बशीसारखे फुगीर स्प्रिंग वॉशर आणि शेवटी नायलॉक, म्हणजे आपोआप सैल न होणारा, नट आहे. पडदा कलता करण्याची सारी यंत्रणा एवढीच. पडदा आपोआप खाली झुकू लागला की १३ नंबरच्या पान्याने नट अर्धा फेरा आवळायचा. चौदा महिन्यांत चारही स्टँडांत मिळून हे दोनदा करावे लागले, आणि दोन्ही वेळा ते आमच्या कार्यालयातल्या मुलीने केले.

पाइप तळाच्या प्लेटला सरळ वेल्ड करून द्यावा, असे मी सुरुवातीला सुचवले होते, कारण ते स्वस्त पडले असते. मिस्त्री म्हणाले, ‘साहेब, वेल्ड केलं की तो एकच नग झाला. उद्या पाइप वाकला तर प्लेटसकट फेकाल. बोल्ट मारू द्या.’ त्यांनी पाइपाच्या तळाशी एक लहान चौकोनी पट्टी वेल्ड केली आणि ती पट्टी एम-६ च्या चार बोल्टांनी प्लेटवर बसवली. या एका निर्णयाचा उपयोग मला सातव्या महिन्यात कळला. टेबल हलवताना एक स्टँड पडला आणि त्याचा ब्रॅकेट पिरगळला. दोन बोल्ट काढले, फक्त ब्रॅकेट पिशवीत घालून सांवेर रोडवर नेला, आणि ऐंशी रुपयांत नवा घेऊन दुपारी परत आलो. मॉनिटरला सेवा केंद्र पाहावे लागले नाही.

दुरुस्तीची सोय आणि पुनर्चक्रणाची सोय या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो, पण त्या नेहमी एका दिशेने जात नाहीत, हे या कामात शिकायला मिळाले. वेल्ड दुरुस्तीला अडचणीचा असतो, पण लोखंडाला लोखंडच जोडलेले असल्यामुळे भट्टीत त्याने काही बिघडत नाही. पितळेच्या बुशेचे नेमके उलटे आहे. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये स्क्रू चारपाच वेळा काढघाल केला की आटे झिजतात, आणि बुश असली की तोच स्क्रू शंभर वेळा काढता येतो, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला बुश हवी असते. मात्र तीच बुश पुढे प्लॅस्टिकचा भाव घालवते. यावरचा मार्ग असा की प्लॅस्टिकमध्ये बुश रुतवण्याऐवजी मागच्या बाजूला षटकोनी खाच ठेवून तिच्यात साधा नट सरकवावा. आटे धातूचे मिळतात आणि शेवटी नट बोटाने बाहेर निघतो. लोखंडी पत्र्यात तर हा प्रश्न आणखी सोपा आहे, कारण नट सुटाच असतो आणि आटे गेलेच तर दोन रुपयांचा नवा नट सियागंजातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. स्टँडला रंगाऐवजी पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी भाजून बसवलेला थर, दिलेला आहे; त्याविषयी मला शंका होती, पण तो पातळ थर भट्टीत जळून जातो आणि लोखंड भंगारात पूर्ण भावाने घेतले जाते. चुंबकाला चिकटणारी वस्तू वेगळी करायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

स्टँडच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. सर्वांत मोठी उणीव उंचीची आहे. पाइपाला २५ मिलिमीटरच्या अंतराने भोके आहेत, आणि उंची बदलायची तर एकाने मॉनिटर धरायचा, दुसऱ्याने दोन बोल्ट काढून वरच्या किंवा खालच्या भोकात घालायचे. एका टेबलावर एकच माणूस बसत असेल तर पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल अशी उंची एकदाच लावून काम भागते. पण दोन पाळ्यांत दोन वेगळ्या उंचीची माणसे बसत असतील तर हा स्टँड त्यांच्यासाठी नाही. डावीउजवीकडे फिरण्याची सोय यात नाही. पडदा उभा करता येतो, मात्र त्यासाठी चार स्क्रू काढून मॉनिटर काटकोनात फिरवून पुन्हा लावावा लागतो. पुस्तकाचे पान पूर्ण दिसावे म्हणून आम्ही एक मॉनिटर कायमचा उभा करून ठेवला आहे, आणि मुद्रितशोधनासाठी तो इतका सोयीचा ठरला आहे की त्या टेबलासाठी सध्या आळीपाळी चालते.

पहिल्या स्टँडचे रबरी पाय चिकटवलेले होते. मे महिन्याच्या उकाड्यात त्यांचा गोंद पातळ झाला आणि दोन पाय टेबलावरच राहिले. बाकी सर्व ठिकाणी बोल्ट वापरणाऱ्या माणसाने नेमके इथे गोंद वापरावा याचे मला वाईट वाटले, आणि तसे मी सांगितलेही. पुढच्या तीन स्टँडांना मधोमध स्क्रू असलेले रबरी बूट लावून आले, आणि पहिल्यालाही ते विनामूल्य बदलून मिळाले. पावसाळ्यात एका पाइपाच्या भोकांभोवती गंजाची बारीक कडी दिसली, कारण ती भोके कोटिंग झाल्यावर पाडली होती. आधी भोके, मग कोटिंग हा क्रम त्यांनी आता पक्का केला आहे. डोक्याच्या प्लेटच्या कडा पुरेशा घासलेल्या नव्हत्या, त्या मी कानशीने घासून घेतल्या. तारांसाठी काहीच सोय नाही. आणि एक गोष्ट मिस्त्रींना मी अजून पटवू शकलेलो नाही: एम-४ साठी ३ मिलिमीटरची अ‍ॅलन की, एम-६ साठी १० नंबरचा पाना आणि एम-८ साठी १३ नंबरचा पाना, अशी तीन हत्यारे या एका स्टँडला लागतात. बिजागरीही एम-६ वर आणली तर दोन हत्यारांत सगळे उघडेल. बावीस इंची पडद्याला एम-८ च्या जाडीची गरज नाही, असे माझे मत आहे.

तुलनेसाठी सांगतो की याच काळात एका टेबलावर मी गॅस स्प्रिंगचा, म्हणजे वायू भरलेल्या नळकांड्याच्या जोरावर पडदा तोलून धरणारा, तयार आर्मही वापरून पाहिला. बोटाने ढकलला की पडदा हवा तिथे जाऊन थांबतो, ते सुख या लोखंडी स्टँडमध्ये नाही. परंतु अकराव्या महिन्यात त्याच्या नळकांड्यातला दाब उतरला आणि पडदा हळूहळू टेबलावर येऊन टेकू लागला. नळकांडे बदलण्यासाठी ज्या खिळीवर ते बसवले आहे ती काढायला हवी होती, आणि ती खिळी रिव्हेट करून दोन्ही बाजूंनी बंद केलेली होती. तिथे एक साधी पिन आणि काढता येणारी क्लिप दिली असती तर तो आर्म आजही वापरात असता. अशा नळकांड्यात नायट्रोजन वायू मोठ्या दाबाखाली भरलेला असतो, आणि उतरल्यासारखे वाटले तरी आत दाब उरलेला असू शकतो. ते कापू नये, तापवू नये आणि भंगारवाल्याला देताना तसे बजावून सांगावे. उंची बदलणाऱ्या काही तयार स्टँडांच्या मानेत घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग असते, तिच्याबाबतही हीच काळजी घ्यावी, कारण पडद्याचे वजन निघताच मान झटक्याने वर उसळते.

कायद्याचा आधार कुठे मिळतो का तेही मी पाहिले. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून पडद्यांच्या आराखड्याविषयीचे नियम लागू आहेत. त्यांनुसार पडद्याच्या कवचात आणि स्टँडमध्ये हॅलोजनयुक्त अग्निरोधक रसायने वापरता येत नाहीत, ५० ग्रॅमपेक्षा जड प्लॅस्टिकच्या भागांवर प्लॅस्टिकच्या जातीची खूण असावी लागते, आणि ठरावीक सुटे भाग त्या नमुन्याचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून सात वर्षे मिळावे लागतात. या सुट्या भागांच्या यादीत वीजपुरवठ्याचा भाग आहे, जोडण्या आहेत, रिमोटसुद्धा आहे. स्टँड मात्र नाही. आमच्या जुन्या स्टँडच्या एका कवचाच्या आत दोन टोकदार कंसांत ‘एबीएस’ अशी खूण होती, दुसऱ्यावर काहीच नव्हते. आपल्याकडे ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. या सगळ्याचे मी स्वागतच करतो. तरीही उत्पादकांकडून माझी मागणी याहून लहान आहे: पाठीवर चार भोके द्या, आणि मान सुटी विका.

किंमत सांगायची तर पहिला स्टँड कोटिंगसह साडेतेराशे रुपयांना पडला, नंतरचे तीन एकदम करून घेतल्यामुळे प्रत्येकी अकराशेला. पहिल्याला नऊ दिवस लागले. सांवेर रोडलाच जायला हवे असे नाही. पत्रा वाकवणारा आणि ड्रिल असलेला कोणताही कारागीर हे काम करू शकेल. जाताना भोकांचे माप, स्टँडशिवाय मॉनिटरचे वजन, टेबलाची खोली आणि खुर्चीवर बसल्यावर टेबलापासून डोळ्यांपर्यंतची उंची या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. भोके पाठीच्या खळग्यात असतील तर मधल्या अंतरासाठी नळीसारखे स्पेसर मागावेत. स्क्रूची लांबी प्रत्यक्ष मोजून घ्यावी. ३ मिलिमीटरच्या प्लेटला १० मिलिमीटर लांबीचा एम-४ साधारणपणे पुरतो, आणि त्याहून लांब स्क्रू जोर लावून आवळला तर त्याचे टोक आतल्या भागांवर जाऊन पडद्याचे नुकसान करू शकते. पायांना गोंद नको, आणि भोके कोटिंगच्या आधी पाडावीत, हे मात्र तोंडी न सांगता त्याच कागदावर लिहून द्यावे.